तीन ओळींची जागा

प्रियदर्शनी भोयरच्या सवयी, मला दिसल्या तशा:

चहा बशीत ओतून प्यायची. बशी कीबोर्डपासून हातभर लांब ठेवायची.

फोन वाजला की आधी पेन उचलायची, मग फोन.

प्रत्येक कामाला नवी दोनशे पानी वही. डाव्या पानावर लोकांचे प्रश्न, उजव्या पानावर उत्तरं. उत्तर अजून मिळालेलं नसलं तर जागा सोडायची. उत्तराला किती ओळी लागतील हे आधीच ठरवायची आणि तेवढ्याच ओळी सोडायची. ते कसं ठरवायची ते मला कधी कळलं नाही.

लिहिलेलं मोठ्यानं वाचायची. वाचताना दम लागला तर तिथं वाक्य तोडायची.

सहा वर्षं पुण्यात राहूनही 'हो' न म्हणता 'हाव' म्हणायची.

चपला जिन्याच्या खालच्या पायरीवर काढायची. त्यामुळे ती वर आहे की नाही, हे माझ्या आईला वर न जाता कळायचं.

कुणाबद्दल वाईट बोलायची नाही. ही सवय मला सगळ्यात जास्त खुपायची.

आमच्या बिबवेवाडीच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. त्या खोलीत ती भाड्यानं राहायची. संस्थांच्या आणि छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवायची, एकटीनं, कुणाची नोकरी न करता. आम्ही एका वयाच्या. तिला जाऊन दोन महिने झाले. जिन्याजवळून जाताना माझी नजर अजून खालच्या पायरीकडे जाते.

तिच्याबद्दल तूच लिही, तू मराठीची आहेस, असं सगळे सांगतात. लिहिते. पण मला तिचा हेवा वाटायचा. ती गेल्यावरही तो गेलेला नाही. तो वगळून लिहिलं तर खोटं होईल.

ती २००४ च्या जून महिन्यात कारंजाहून आली. वाशिम जिल्ह्यातलं कारंजा. एक ट्रंक, एक गादी आणि कॉम्प्युटरचा डिप्लोमा. हिंजवडीच्या एका कंपनीत लागली होती. कंपनीची बस पहाटे जवळच्या पुलाखाली यायची. एका अमेरिकन बँकेची पानं बनवायचं काम होतं. आठ महिन्यांनी तिनं ते सोडलं. त्या वर्षी लोक असल्या नोकरीसाठी देवाला नवस बोलत होते. आईनं तिला खाली बोलावून विचारलं, की काही झालं का, कुणी त्रास दिला का. ती म्हणाली, त्रास काही नाही. आपण बनवलेलं बटण कोण दाबतं तेच तिथं दिसत नाही.

मला तेव्हा तो शहाणपणा वाटला नाही. मला वाटलं, हिला झेपलं नाही.

तिची पहिली वेबसाइट आमच्या गल्लीतल्या मुक्ताई मावशींची. मावशी डिंकाचे लाडू आणि मेतकूट करतात. मावशींना वेबसाइट नको होती. त्यांच्या भावाच्या सुनेनं अमेरिकेतून लकडा लावला होता. प्रियदर्शनी वही घेऊन गेली आणि तुम्हाला काय हवं वगैरे काही न विचारता त्यांच्या फोनशेजारी स्टुलावर बसली. दोन दिवस बसली. येणारा प्रत्येक प्रश्न लिहून घेतला. लाडू किती दिवस टिकतात. बाळंतिणीला चालतात का. साखरेचे की गुळाचे. दुपारी दोन ते चार दुकान उघडं असतं का.

वेबसाइटवर तेवढंच होतं. प्रश्न आणि उत्तर. मावशींचा फोटो नाही, पाळामुळांची कहाणी नाही, लक्ष्मीचं चित्र नाही. महिनाभरानं मावशी तक्रार घेऊन आल्या. म्हणाल्या, "हल्ली फोन करतात आणि नुसती ऑर्डर देऊन ठेवून देतात मेले. गप्पाच मारत नाहीत कुणी."

ही तिची कामाची पद्धत. शेवटपर्यंत बदलली नाही. तिचं म्हणणं असं, की संस्थेला जे सांगायचं असतं ते कुणी विचारत नाही आणि लोक जे विचारतात ते संस्थेला सांगण्यासारखं वाटत नाही. म्हणून फोनशेजारी बसायचं. मग एकानं दुसऱ्याला सांगितलं. कर्णबधिर मुलांची शाळा आली, मुलींचं वसतिगृह आलं, सातारा रोडवरचे फिजिओथेरपीचे डॉक्टर आले. नेत्रदानाचं काम करणारे दोन म्हातारे आले. त्यांच्या फोनशेजारी बसून ती रडली, असं आईनं मला सांगितलं. मला तिनं सांगितलं नाही.

आई तिला दर्शू म्हणायची. मला घरात लाडाचं नाव नाही. शेफाली म्हणजे शेफाली.

मी त्या काळात एम. ए. केलं. पहिला वर्ग. एक कथा एका दिवाळी अंकात आली. बाकीच्या परत आल्या. अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशनात बारावीच्या गाइडची प्रुफं तपासायला लागले. मला लेखक व्हायचं होतं. हे मी कुणाला बोलून दाखवत नसे, पण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे त्याबद्दल जपून बोलत, जसं आजारी माणसाबद्दल बोलतात.

एक दिवस ती खाली आली आणि म्हणाली, "मला लिहिता येत नाही वं. तू लिहून देशील?"

मला फार बरं वाटलं. ते दाखवलं नाही. बघते म्हणाले.

कर्णबधिर शाळेसाठी मी दोन पानं लिहिली. अजूनही ती वाईट आहेत असं मला वाटत नाही. तिनं ती गच्चीवर उभं राहून मोठ्यानं वाचली. तिसऱ्या ओळीत तिला दम लागला. पेन्सिल घेतली. मग वाचत गेली आणि खोडत गेली. प्रत्येक खुणेआधी माझ्याकडे बघून विचारायची, काढू का. मी हो म्हणायचे. शेवटी एक वाक्य उरलं: "मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत आमच्याकडे आणा." ते मी अकराव्या ओळीत लिहिलं होतं, सहज, दोन मोठ्या वाक्यांच्या मध्ये.

ती म्हणाली, "हे किती छान लिहिलंस."

ती खरंच तसं म्हणत होती. म्हणूनच राग आला.

असं दोन वर्षं चाललं. मी पानं लिहायची, ती त्यातून एखादी ओळ ठेवायची. त्या ओळीला ती माझी ओळ म्हणायची. मला ती माझी वाटायची नाही.

मग सापांचं काम आलं. २००७ साल.

पुण्याजवळच्या मांजरी गावात तेव्हा उसाच्या फडात इमारती उभ्या राहत होत्या. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पोहण्याचा तलाव. ऊस तुटला की साप बाहेर पडायचे आणि तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शिरायचे. फ्लॅटमधली माणसं नवीन, साप जुने. सापाला मारू न देता पकडून लांब सोडणाऱ्या पोरांचं एक मंडळ होतं, कात्रजला. त्याचा मुख्य माणूस साईनाथ. तो दूध डेअरीत कामाला होता आणि पाळी संपली की मोटरसायकलला काठी आणि कापडी पिशवी अडकवून निघायचा. मंडळाचे अध्यक्ष भीमराव अण्णा. मांजरीतली त्यांची उसाची जमीन बिल्डरकडे गेली होती. अण्णा स्वतःच म्हणायचे, "सापांचं घर मीच मोडलं, आता मलाच बघाय पायजे."

प्रियदर्शनी मंडळाच्या खोलीत तीन दिवस फोनशेजारी बसली. एकसष्ट फोन आले. एक दिवस मीही गेले होते. लोक काय काय विचारत. एकजण ऑफिसातून विचारत होता, सापाचा फोटो मेल केला तर विषारी की बिनविषारी सांगाल का. साप कुठं आहे विचारलं तर म्हणाला, घरी. घरी कोण आहे? तर बायको. म्हणजे फोटो बायकोनं काढायचा. साईनाथ फोन कानाला लावून मान हलवत होता आणि ती वहीत लिहीत होती.

त्या वेळी मी सापावर लेख लिहिला. नऊशे शब्द. नांगरट, उंदीर, वारूळ, पंचमी, आजीचं दूध ठेवणं. शेवट चांगला साधला होता. दिवाळी अंकाला पाठवण्यापेक्षा इथं द्यावा असं मी ठरवलं, कारण तो पहिल्या पानावर येणार होता. पहिल्यांदा माझं पूर्ण लिखाण, न खोडता, माझ्या नावानं. तिलाही मी तसं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, पाहू.

तिनं पहिल्या पानावर चार ओळी घातल्या. स्वतः लिहिलेल्या.

साप दिसला? आधी माणसं बाहेर, मग दार बंद.
दाराखालच्या फटीत गोधडी कोंबा.
खिडकीतून लक्ष ठेवा. मारू नका, पकडू नका.
फोन करा. फोन ठेवलात की आम्ही निघालो.

खाली मोठ्या आकड्यांत नंबर. माझा लेख तिसऱ्या पानावर गेला. 'अधिक माहिती'.

मी त्या चार ओळी स्क्रीनवर वाचल्या. शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. साईनाथ अजून डेअरीतच आहे, काठी अजून मोटरसायकललाच आहे, आणि ही म्हणते, निघालो. घाबरलेल्या माणसाला हेच एक ऐकायचं असतं. मला ते सुचलं नसतं. पाच वर्षं मराठी शिकले, ते मला सुचलं नसतं. जिला लिहिता येत नाही तिला सुचलं.

अण्णांना पहिल्या पानावर स्वतःचा फोटो हवा होता. फेटा बांधलेला. ती त्यांच्या अंगणात गेली. मी बरोबर होते. तिनं वाद घातला नाही.

"अण्णा, घरात साप निघालेला माणूस पहिले काय पाहील?"

अण्णांनी विचार केला. "नंबर."

"मग?"

"मग फोटो खाली घे," अण्णा म्हणाले. "पर घे. फेट्याला लई वेळ लागला हाय."

वेबसाइटचं उद्घाटन मंगल कार्यालयात झालं. कॉम्प्युटरला हार, माउसला हळदकुंकू, शेजारी नारळ. समई लावली. अण्णांनी माउस दाबला. त्या क्षणी इंटरनेट बंद होतं, पण हे होणार हे तिला माहीत होतं. तिनं सगळी पानं आधीच त्या मशिनवर ठेवली होती. पान उघडलं. कुणाला काही कळलं नाही. अण्णांनी चष्मा लावला आणि माइकवरून त्या चार ओळी वाचल्या. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. वेबसाइटला टाळ्या मी पहिल्यांदा ऐकल्या.

तिसरं पान कुणी उघडलं नाही. दुसऱ्या रांगेत आई बसली होती. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "किती सोपं लिहिलंय दर्शूनं. तूही असं लिहीत जा."

त्यानंतर आठवड्यानं प्रियदर्शनी मामेबहिणीच्या लग्नाला कारंजाला गेली. चार दिवस. खोलीची किल्ली आमच्याकडे. सगळ्या वेबसाइटचे पासवर्ड एका वहीत होते आणि वही मांडणीवर. ती कुणापासून काही लपवत नसे.

दुपारची वेळ होती. मी वर गेले. ती पान कसं बदलते ते मी शंभर वेळा बघितलं होतं. मी लेख पहिल्या पानावर घेतला. सगळ्यात वर. तिच्या चार ओळी आणि नंबर त्याच्या खाली गेले. खोडलं काहीच नाही. फक्त वरचं खाली आणि खालचं वर. चार दिवसच राहू दे, असं मी स्वतःला सांगितलं. ती आली की पूर्ववत करीन.

पानाच्या तळाशी, किती लोक येऊन गेले, ते दाखवणारे आकडे असायचे. मी रोज वर जाऊन ते बघत होते. दोन दिवसांत एकशे चाळीस. माझी कथा छापून आली तेव्हा मला तीन पत्रं आली होती, त्यातलं एक मामाचं.

तिसऱ्या दिवशी साईनाथचा फोन आमच्या घरी आला. त्याला प्रियदर्शनी हवी होती. ती नाही म्हटल्यावर त्यानं मलाच सांगितलं.

मांजरीच्या एका सोसायटीत तळमजल्यावर यमुनाबाई नावाच्या बाई राहतात. त्या घरी एकट्या होत्या. स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरमागून साप निघाला आणि दाराच्या वाटेत येऊन पसरला. त्या ओट्यावर चढल्या. फोन हाताशी होता. त्यांनी सुनेला, भाग्यश्रीला, खराडीच्या ऑफिसात फोन लावला. सोसायटीच्या फलकावरचा वेबसाइटचा पत्ता तिच्या लक्षात होता. तिनं ती उघडली. समोर माझा लेख. नंबर दिसेना. फोन चालू होता, सासूबाई ओट्यावर होत्या, म्हणून काहीतरी धीर द्यायला तिनं जे समोर होतं ते वाचून दाखवायला सुरुवात केली. साप हा माणसाचा सगळ्यात जुना शेजारी. तो आपला मित्र आहे. असे तीन परिच्छेद. मग खाली सरकत सरकत तिला नंबर सापडला. साईनाथ पोचेपर्यंत यमुनाबाई चाळीस मिनिटं ओट्यावर उभ्या होत्या.

साप धामण निघाला. बिनविषारी. कुणाला काही झालं नाही.

साईनाथनं तो पिशवीत घातल्यावर यमुनाबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "मित्र आहे म्हणे. आधी कळवलं असतं तर चहा टाकला असता."

आणि सुनेनं मंडळाला मेल पाठवला. साईनाथनं तो मला वाचून दाखवला. "लेख वाचनीय आहे. फोन नंबर त्याच्या आधी द्यावा, ही विनंती."

साईनाथ हसत होता. त्याला वाटत होतं, प्रियदर्शनीकडून चूक झाली. मी फोन ठेवला, वर गेले आणि सगळं होतं तसं केलं. मला भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर ती यमुनाबाईंसाठी नव्हती. प्रियदर्शनी आल्यावर तिला कळेल, ही होती.

ती दुसऱ्या दिवशी आली. साईनाथशी फोनवर बोलून संध्याकाळी खाली आली, सापांची वही घेऊन. आई देवापाशी होती. प्रियदर्शनी माझ्यासमोर बसली.

"लेख तू वर घेतलास का वं?"

"हो."

"काऊन?"

मी म्हणाले, "कुणीतरी वाचावा म्हणून."

"यमुनाबाईंनी ऐकला ना," ती म्हणाली. "पूर्ण. ओट्यावर उभं राहून."

सहा वर्षांत ती मला एवढंच लागेल असं बोलली. मग तिनं वही उघडली. एकसष्ट प्रश्न होते. पेन माझ्या हातात दिलं आणि बासष्टावा लिही म्हणाली. मी लिहिलं, तिनं सांगितलं तसं: नंबर कुठं आहे? तिनं पेन परत घेतलं. उजव्या पानावर लिहिलं: सगळ्यात वर.

वही मिटली. आईला सांगितलं नाही, कधीच नाही. पुढच्या आठवड्यात नवीन कामाचे कागद घेऊन आली आणि लिहून देशील का म्हणाली, पहिल्यासारखी. मला भांडण हवं होतं. भांडण झालं असतं तर आम्ही बरोबरीच्या झालो असतो.

पुढच्या तीन वर्षांत त्या चार ओळी कुठं कुठं गेल्या. सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये. वॉचमनच्या केबिनमध्ये. मांजरीला मी एका पाण्याच्या टँकरच्या मागे त्या रंगवलेल्या बघितल्या. अण्णांनी हजार कागद छापून वाटले, खाली फेट्यातला फोटो. वेबसाइट न उघडणाऱ्या लोकांना त्या पाठ झाल्या. आमच्या गाइडच्या प्रकाशनात, शुद्धलेखनासाठी लोकांना सळो की पळो करून सोडणारे श्यामसुंदर सर आहेत. त्यांनी एकदा तो कागद टेबलावर ठेवून विचारलं, हे कोणी लिहिलंय माहीत आहे का? एक शब्द काढता येत नाही. मी म्हणाले, माहीत नाही.

हे मी केलेलं दुसरं. पहिलं तिला माहीत होतं. हे तिला माहीत नव्हतं.

तिची कामं चाळीसच्या वर गेली. मग लोकांना फेसबुक सापडलं आणि वेबसाइट कशाला हवी असं काही संस्था म्हणू लागल्या. तिनं तक्रार केली नाही. ती त्यांच्या फोनशेजारी बसतच होती.

या वर्षी ऑगस्टमध्ये नवीन काम आलं. जिल्ह्यांतून पुण्यात उपचाराला पेशंट येतात. त्यांच्याबरोबर आलेल्या नातेवाइकांना राहायला जागा नसते. त्यांच्यासाठी एका ट्रस्टनं निवास चालवलाय. तीस खाटा, जेवण, पाणी तापवायची सोय. तिथले व्यवस्थापक जयसिंग. प्रियदर्शनी तिथं पाच दिवस बसली. एरवी दोन-तीन दिवसांत तिचं भागायचं. घरी आली की गप्प असायची. आईनं विचारलं तर म्हणाली, आमच्याकडचीच माणसं आहेत बहुतेक, बोलणं ओळखू येतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला ताप आला. डेंगी. मी तिला स्कूटीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. तिनं वही आणायला सांगितली. मी नेली. तिसऱ्या दिवशी ती बशीत चहा मागत होती. पाचव्या दिवशी ती गेली.

मला कळलं नाही. डॉक्टर सांगत होते, प्लेटलेट, रक्तस्राव. प्रत्येक शब्द कळत होता. ती सत्तावीस वर्षांची होती. मीही.

तिचे आईवडील रातराणी बसनं आले. तिच्याच खोलीत राहिले. तिसऱ्या दिवशी तिचे वडील खाली आले, दारातच थांबले आणि आईला विचारलं, "आम्ही इथं किती दिवस राहू शकतो जी?"

आईनं त्यांना हाताला धरून आत बसवलं आणि ताट वाढलं. ते पंधरा दिवस राहिले.

तेराव्याला लोक आले. मुक्ताई मावशी, साईनाथ, फेट्याशिवाय अण्णा, शाळेतल्या बाई, नेत्रदानवाल्या दोघांपैकी उरलेले एक. यमुनाबाईसुद्धा आल्या, सुनेला घेऊन. चपला खालच्या पायरीपासून फाटकापर्यंत गेल्या. मी त्या मोजल्या. माझ्यासाठी किती येतील, याचाही अंदाज केला. त्या दिवशी हे मनात येऊ नये असं वाटत होतं, पण आलं.

जाताना तिच्या वडिलांनी ट्रंक नेली. वह्या नेल्या नाहीत. म्हणाले, तुम्ही मराठीच्या आहात, तुमच्या कामाच्या.

शेवटची वही माझ्यासमोर आहे. डाव्या पानांवर चोपन्न प्रश्न. उजवीकडे सतरापर्यंत उत्तरं. आधी नाव नोंदवावं लागतं का. पेशंटचं कार्ड दाखवावं लागतं का. बायका वेगळ्या राहतात का. दवाखान्यात चालत किती वेळ लागतो. उत्तरं छोटी, एका दमात वाचता येतील अशी.

अठरावा प्रश्न असा आहे: पेशंट गेला तर नातेवाइकांना किती दिवस राहता येतं?

समोर जागा कोरी आहे. तीन ओळींची.

मी जयसिंगांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडमनी विचारलं होतं. तसा नियमच नाही आमच्याकडे. ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये ठेवतो म्हटलं होतं, मीटिंग काही झाली नाही." मग म्हणाले, "लोक विचारतात अजून. आता तुम्ही लिहिताय का?"

बघते म्हणाले.

मी लिहून बघितलं. पहिल्यांदा दोन पानं झाली. मग अर्धं पान. काल सात ओळींवर आणलं. गच्चीवर उभं राहून मोठ्यानं वाचलं आणि चौथ्या ओळीत दम लागला. वहीत काही लिहिलेलं नाही. त्या निवासाच्या वेबसाइटवर अजून तिनं ऑगस्टमध्ये टाकलेलं एकच वाक्य आहे, 'काम सुरू आहे', आणि त्याच्या वर फोन नंबर.